तुलनामाती

किरणमापन प्रयोगशाळेत त्या दिवशी पेढे वाटले गेले. माडबेटाची माती मानकात बसली होती.

नऊ वर्षांपूर्वी तरंगत्या अणुभट्टीचा स्फोट झाल्यापासून बेटावरची माणसं समोरच्या किनाऱ्यावर, छावणीतल्या पत्र्याच्या खोल्यांत दिवस काढत होती. उन्हाळ्यात पत्रा भाजे, पावसाळ्यात छावणी तुंबे आणि कावीळ दरवर्षी कुणाला तरी घेऊन जाई. डॉ. शलाका मयेकर त्याच बेटाची, लहानपणीच शिकायला बाहेर पडलेली लेक. तिची आई आणि आठवा महिना लागलेली धाकटी बहीण वैजू अजून छावणीतच होत्या. वैजूचं मूल त्या पत्र्याखाली जन्मू नये, यासाठी शलाकाने समितीत जिवाचं रान केलं होतं.

मानक ठरवताना समितीचे प्रमुख डॉ. इनामदार म्हणाले होते, "किरणोत्सार अजिबात नाही अशी माती पृथ्वीवर सापडायची नाही. मग स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ?"

"माणसं आज राहतात तिथल्याहून वाईट नाही, इतकी," शलाका म्हणाली. "छावणीची माती तुलनेला घेऊ. बेटावरचा वरचा थर खरवडून किरणमान तिच्याइतकं खाली आणलं, की परत जाण्यात कुणाचं जास्तीचं नुकसान नाही."

"म्हणजे दगडापेक्षा वीट मऊ."

"सर, मी तेवढंच मागतेय."

छावणीतल्या अंगणांमधून नमुने आले. किरणमान अपेक्षेपेक्षा बरंच चढं निघालं. हे किरण कोणत्या मूलद्रव्यातून येतात ते तपासावं, असं इनामदारांनी सुचवलं. पण त्या तपासणीच्या यंत्राची पाळी पावसाळ्यानंतर येणार होती.

"या किनाऱ्याला काळी वाळू आहे. तिच्यात थोरियम असतंच," शलाका घाईने म्हणाली. ते खरंही होतं. माणूस कितीही शिकलेला असो, त्याला हवं असलेलं कारण लवकर पटतं. तपासणी राहून गेली.

निघायच्या दिवशी छावणीत लग्नघरासारखी धांदल होती. बेटावर बसवायचा नवा मूलद्रव्यदर्शक खांद्याला लावून शलाका आईच्या खोलीपाशी आली, तर आई अंगणातली माती खणून पोत्यात भरत होती. शेजारणीही तेच करत होत्या.

"आये, ही माती कित्याक?"

"आमचीच माती ती, गो. बेट सोडताना दरेक घरान पोतां पोतां भरून आणलली. जुन्या खळ्यातली माती नव्या खळ्यात, अंगणात, घातल्याबिगर कोण ऱ्हवता? आता परत न्हेतंव."

 शलाकाने दर्शक अंगणात टेकवला. पडद्यावर थोरियमची रेघ जेमतेम होती. अणुभट्टीच्या स्फोटातूनच येणाऱ्या सीझियमची रेघ मात्र वरच्या कडेला जाऊन भिडली.

याच अंगणात वैजू नऊ वर्षं वावरली होती. इथलाच लाल माठ तिने डोहाळ्यांत मागून मागून खाल्ला होता.

शलाका धक्क्यावर धावली. इनामदार यादी घेऊन उभे होते.

"बोटी थांबवा, सर. तुलनामाती बेटाचीच आहे. आपण बेटाची बेटाशी तुलना केली."

इनामदारांचा चेहरा उतरला. त्यांनी हातातली यादी मिटली. मग हळूच म्हणाले, "थांबवून त्यांना ठेवू कुठे? खरवडलेलं बेट छावणीपेक्षा किंचित बरंच आहे. आपलं मानक तेवढंच विचारत होतं."

"मग तिसरी जागा मागा."

"नऊ वर्षं मागितली. तुलाही माहीत आहे."

आई पोतं ओढत धक्क्यावर पोचली. शलाकाने तिचा हात धरला आणि त्या मातीत काय आहे ते सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. पोत्याची गाठ सोडावी की ठेवावी, ते तिला कळेना.

"म्हणजे हंयसर ऱ्हवाचा नाय," ती म्हणाली, "आणि थंयसर जावचा नाय."

"नाय."

"मगे वैजून बाळात व्हवचा खंय?"

वैजू बोटीत आधीच जाऊन बसली होती. तिथून ती दोघींना हात करत होती, लवकर या म्हणून.