उघडी राहिलेली डिस्क

“भोपू, आवाज कमी कर! टेप तुटेल!”

“माझ्या आवाजाने टेप कशी तुटेल? मी काय कॅसेटमध्ये बसलोय?”

“बस एकदाचा!” मुंगी म्हणाली. “झाकण मी लावते!”

दुकानाच्या मागच्या खोलीत बाबा मान वर न करताच हसले. सुट्टीचा पहिला दिवस होता. बाबांचा जेवणाचा डबा घेऊन मुंगी आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ भोपू दुकानात आले होते. बारा वर्षांची झाली तरी ही मुलगी एका जागी दोन मिनिटं टिकत नसे, म्हणून ती मुंगी. भोपूला भोपू का म्हणतात, हे रस्त्यापलीकडच्या लोकांनाही ठाऊक होतं. सोबत शेजारची मैत्रीण होती. ती कशावरही वाद घाली, म्हणून तिचं नाव वकील.

लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट डिस्कवर उतरवून देणं हे बाबांचं काम. टेबलावर डाव्या हाताला कॅसेट प्लेयर आणि उजव्या हाताला रेकॉर्डर, म्हणजे डिस्कवर भरून घेणारा काळा, चपटा डबा. आजच्या कॅसेटला पांढरी बुरशी चढली होती. सकाळपासून बाबा कापसाच्या बोळ्याने ती पुसत होते आणि एका बोटाने चाक हळूहळू फिरवत होते.

“ही एकदाच चालणार,” ते म्हणाले. “तेवढ्यात उतरली तर उतरली.”

“पण काका, आता डिस्क लावतं कोण?” वकील सुरू झाली. “आमच्याकडे सगळं इंटरनेटवर. बोट टेकवलं की सिनेमा!”

“सिनेमा मिळेल गं. तू सायकलवरून पहिल्यांदा आपटलीस, ते मिळेल का तिथे?”

“ते मला नकोच आहे!”

भोपू खो खो हसला. बाबांनी कॅसेट आत सरकवली. पडद्यावर आधी नुसत्या रेघा नाचल्या, मग एक गोबरं बाळ दिसलं.

“मुंगे, तुझी टेप आहे. बघतेस?”

मुंगीच्या कानात इअरफोन होते आणि हातात आईचा फोन. मालिकेचा सातवा भाग ऐन रंगात आला होता.

“हा भाग संपू दे ना, बाबा.”

“संपू दे,” बाबा म्हणाले.

पाऊण तासाने प्लेयरमध्ये टक् असा आवाज झाला. टेप तुटली होती. “तुटली! पण उतरली!” बाबा खुशीत येऊन म्हणाले. त्यांनी डिस्क बाहेर काढली आणि तिच्यावर पेनाने एकच शब्द लिहिला : ‘आपली’.

“झाली?” भोपूने विचारलं.

“अजून उघडी आहे. गिऱ्हाइकाने बघून ‘बरोबर’ म्हटलं की मगच मी डिस्क बंद करतो. नंतर काही बदलता येत नाही ना!”

“मग हिचं गिऱ्हाईक कोण?”

“तुम्हीच की! रविवारी बघू सगळे.”

तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं आणि तिथेच राहिलं. बाबांच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

सहा महिने गेले. दुसरी सुट्टी आली. या सहा महिन्यांत मुंगीने एक गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. तिला बाबांचा आवाज आठवेनासा झाला होता. ते काय बोलत, हे आठवे. शब्द सगळे आठवत. पण ते शब्द मनात आता तिच्या स्वतःच्याच आवाजात ऐकू येत. फोनमध्ये फोटो पुष्कळ होते. व्हिडिओही होते, पण बाबा नेहमी कॅमेऱ्याच्या मागे आणि चित्र बिघडू नये म्हणून अलीकडे गप्प. सगळ्यांच्या फोनमध्ये मिळून बाबांचा आवाज होता चार सेकंदांचा. “झालं का सुरू? बरं, बरं.” बस्स, एवढाच. मुंगीने तो इतक्यांदा ऐकला होता की तेही आता नुसते कोरडे शब्द झाले होते.

कुठल्या तोंडाने सांगायचं हे? आपल्याच बाबांचा आवाज विसरणारी मुलगी! आई रात्रंदिवस त्यांची आठवण काढते आणि आपण?

त्याच आठवड्यात मामाने दुकान रिकामं केलं. मामा मनाने चांगला, पण सदा घाईत. यंत्रं सगळी त्याने जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन टाकली आणि डिस्कांचं खोकं घरी आणून लॅपटॉपसमोर बसला.

“ही गिऱ्हाइकाची. ही पण. ही... कोरी!” त्याने एक डिस्क कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

मुंगीने ती झटकन उचलली. वर अक्षर बाबांचं होतं. आपली.

“मामा, ही कोरी नाही!”

“अगं, लॅपटॉप सांगतोय. टीव्हीखालच्या प्लेयरलाही लावली. कोरी म्हणजे कोरी! दे इकडे.”

“कोरी डिस्क मी चित्र काढायला घेऊ?”

“घे बाई!”

तिघांची सभा जिन्यात भरली. मुंगीने डिस्क उलटी करून उन्हात धरली. मधल्या भोकापासून निम्म्यापर्यंत एक गडद कडं दिसत होतं. त्याच्याबाहेर रंग फिका होता.

“डाग असेल,” भोपू म्हणाला.

“डाग इतका गोल?” वकिलीणबाईंनी चष्मा सावरला. “कंपास घेऊन पडला का डाग? इथपर्यंत भरलंय आणि इथून पुढे रिकामं आहे! पण मग लॅपटॉपला दिसत का नाही?”

मुंगीला एकदम आठवलं. मागे एक आजोबा दुकानात तावातावाने आले होते. आधी डिस्क बघायला आले, तेव्हा त्यांनी घाईत उघडीच डिस्क खिशात घालून नेली होती. “कोरी डिस्क माझ्या माथी मारता?” असं ते ओरडत होते. बाबांनी तीच डिस्क आपल्या रेकॉर्डरला लावली आणि आजोबांची सगळी वरात पडद्यावर नाचू लागली होती!

“उघडी डिस्क दुसऱ्या यंत्राला वाचताच येत नाही!” मुंगी उभी राहिली. “ज्याने भरली त्याच यंत्राला येते! बाबांचा रेकॉर्डर हवा!”

“तो तर मामाने दिला!” भोपू इतक्या जोरात ओरडला की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं.

“पण एवढं काय आहे त्यात?” वकीलने विचारलं. “तुझे बाळपणीचे फोटो घरी आहेत की.”

“सुट्टीत काहीतरी उद्योग नको का?” मुंगी दुसरीकडे बघत म्हणाली. वकील एरवी सोडती ना. पण तिने मैत्रिणीचा चेहरा पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा वाद आवरता घेतला.

जुन्या वस्तूंच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पंखे, इस्त्र्या, पोट फाडलेले टीव्ही. भिंतीकडच्या लांब फळीवर तीस काळे डबे एकावर एक रचलेले, आणि प्रत्येकाचा लाल दिवा लागलेला. दुकानदार त्यांच्याकडे पाठ करून वायरी गुंडाळत होता.

“काका, आमच्या बाबांचा रेकॉर्डर इथे आलाय. थोडा वेळ हवाय.”

“कुठला? सगळे सारखेच. चालू आहेत का बंद, एवढं बघितलं. दुपारी गाडी येईल, सुटे भाग काढायला जातील.”

“दुपारी?” मुंगी म्हणाली.

“एकेक लावून बघू ना,” वकील म्हणाली. “तीसच तर आहेत!”

“आणि मी काय टाळ्या वाजवत बसू? पोरांनो, निघा. तुमचा कुठला ते इथून ओळखून दाखवा, आत्ता उचलून देतो!”

“नक्की?”

“नक्की! पण हात लावायचा नाही. उंबऱ्याबाहेरूनच!” तो हसत म्हणाला.

“सगळ्यांनी ऐकलं! दिलेला शब्द आहे!” वकील म्हणाली.

मुंगी आधीच रस्त्याला लागली होती. घरी आईच्या कपाटात बाबांच्या चष्म्याशेजारी त्यांचा रिमोट होता. झाकण हरवलेला, सेल रबराने बांधलेले. ती धापा टाकत परतली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

“हात्तिच्या!” दुकानदार म्हणाला. “अगं, त्यातले दहा डबे एकाच कंपनीचे आहेत. त्या रिमोटने दहाही उघडतील!”

“नाही उघडणार,” मुंगी म्हणाली. “बाबांकडे पूर्वी अशी दोन यंत्रं होती. एकाचं बटण दाबलं की दोन्ही चालू व्हायची आणि भरलेलं बिघडायचं. म्हणून त्यांनी एकाचा नंबर बदलला होता. हा रिमोट त्या एकाचंच ऐकतो.”

तिने बटण दाबलं. काही झालं नाही.

भोपूने चक्क तोंडावर हात दाबून धरला होता. मुंगीने सेल पुन्हा बसवले, रबर आवळलं, हात लांब केला आणि दाबलं.

तिसऱ्या थप्पीत, खालून दुसऱ्या डब्याने गुरगुर केली, आणि त्याचं तबक सावकाश बाहेर आलं. इतर एकोणतीस जागचे हलले नाहीत.

“आलाऽऽऽ!” भोपूचा हात सुटला. रस्त्यावरची माणसं थांबली.

दुकानदाराने वायरींचं भेंडोळं खाली ठेवलं. “तुझ्या बाबांना मी ओळखायचो,” तो म्हणाला. “हे त्यांचं यंत्र आहे, हे नव्हतं ठाऊक. तुझ्या मामाने घाईत दिलं, मी घाईत घेतलं. ये आत. टीव्ही जोडून देतो.”

“भोपू, पळ! आईला आण!”

डिस्क आत गेली. पडदा निळा झाला. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. ते कडं म्हणजे खरंच नुसता डाग निघाला तर? मुंगीने रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरला.

आणि ते गोबरं बाळ दिसलं. टेबलाचा पाय धरून डुगडुगत उभं होतं.

“ये, ये, ये. सोड ते टेबल. अगं, कॅमेरा काय बघतेस? माझ्याकडे ये!”

मुंगी खाली बसली. तिथेच, इस्त्र्यांच्या ढिगाशेजारी.

असा होता! जरासा घोगरा. ‘ये’ म्हणताना शेवट वर उचलणारा. तिने मनात जपलेला आवाज याच्या जवळपासही नव्हता.

“आता पडणार... पडली! काही नाही, काही नाही. ऊठ बरं. रडायचं तर उठून रड.” आणि मग हसू. त्या हसण्याने चित्र हललं, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात होता.

आई दारात कधी येऊन उभी राहिली, ते कुणालाच कळलं नाही. तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. मागे मामा होता. पाऊण तास दुकानात एकच माणूस बोलत होता, आणि तो बाळाला चालायला शिकवत होता. एक गिऱ्हाईक आलं. दुकानदाराने त्याला हातानेच थांबवलं. तेही उभ्या उभ्या बघत राहिलं.

पडदा पुन्हा निळा झाला, तेव्हा मामाने नाक ओढलं.

“मी फेकली होती ही,” तो म्हणाला. “दोन यंत्रांना विचारलं आणि फेकली. तुम्हा तिघांना जे सुचलं, ते मला मोठ्याला सुचलं नाही. शाबास रे पोरांनो!”

“शाबास कसलं, वकिली शिकावी तर यांच्याकडून!” दुकानदार म्हणाला. “मला माझ्याच शब्दात पकडलं. ने गं, यंत्र तुझंच. आधी मी ही डिस्क बंद करून देतो, म्हणजे कुठेही चालेल.” तो मेनू चाळू लागला. काही मिनिटं लागतील, असं यंत्राने सांगितलं.

वकील आणि भोपू दारात आलेल्या गाडीवाल्याला सांगायला बाहेर गेले की तीस नाहीत, एकोणतीसच न्यायचेत. भोपूचं सांगणं चार दुकानं पलीकडे ऐकू जात होतं.

आई मुंगीजवळ जमिनीवर बसली. तिने मुंगीच्या केसातली धूळ झटकली.

“किती धावलीस गं,” ती म्हणाली. “मला नुसतं सांगितलं असतंस तरी मी आले असते. एवढं काय होतं त्यात तुझं?”

काही नाही, असं मुंगीच्या अगदी ओठांवर आलं होतं. सहा महिने तेच तर म्हणत होती ती.

“आई,” ती म्हणाली, “मला बाबांचा आवाज आठवत नव्हता. कधीपासूनच नव्हता आठवत. मी रोज रात्री आठवून बघायचे, आणि मीच बोलतेय असं ऐकू यायचं. तू रडायचीस, आणि मला वाटायचं, मी त्यांना विसरले. म्हणून नाही सांगितलं तुला. मी विसरले होते, आई.”