झाकण लावलेली दुर्बीण

खरं मानायची छाती असंल तर ऐक पोरी. न्हाईतर माझ्या बोळक्याकडं बघून हास, आन् सुपारी तेवढी कातरून दे.

कनेरगाव नाक्याला आमच्या शेजारी स्वानंद ऱ्हायचा, शाळेतला कारकून. बायको नवी, गुंजन. लग्नाच्या सांजेला भटजी म्हनले, "नवरीला अरुंधती दावा." म्हंजे सप्तर्षीतल्या वशिष्ठाला चिकटून असती ती बारकी चांदणी, त्याची बायको. स्वानंदनं बोट केलं, गुंजननं हात जोडले. झाली जन्माची गाठ!

चैत लागला. आभाळ कसं, धुऊन वाळू घातल्यावानी. दिवे लागले की स्वानंद दुर्बीण घेऊन गच्चीवर.

"मी बी येऊ?"

"तुला काय कळतंय चांदण्यातलं?"

एक दिवस तिनं दुर्बीण पुसाया घेतली. डोळे लावायच्या जागी काजळ. ओलं. गुंजन तर काजळ घालतच नव्हती. म्हंजे वर कोन्ही बाई येती!

त्या सांजेला चपला खालीच ठिवून ती दबकत चढली. वर मोगऱ्याचा वास दाटलेला, आन् झाड तर गल्लीत एक न्हाई. स्वानंद एकटाच उभा. दुर्बीण सप्तर्षीकडं धरलेली... आन् पुढच्या काचांवर झाकणं तशीच लावलेली.

"दिसली..." तो हळूच बोलून राहिला. "न्हाई गं... तिला कायबी ठावं न्हाई..."

गुंजननं झडप घालून दुर्बीण हिसकली, डोळ्याला लावली. नुसता काळोख. मंग काळोखानं पापनी हलवली. पल्याडून काजळाचे दोन डोळे तिच्याकडंच बघत व्हते.

"कोन हाय ही?"

"अरुंधती," स्वानंद म्हनला. आवाज पार थंड.

"मंग लग्नात मला दावली ती?"

"ती... असंल कोन्ती तरी. हिला मी कुनाला दावत न्हाई."

घे! जिला हात जोडून संसार मांडला, ती चांदणी बी खोटीच दावली मेल्यानं. पोरगी रडली न्हाई. दुर्बीण तिथंच टाकली, मिळंल ती गाडी धरून जवळा बाजार गाठलं, माहेर.

दार तिच्या मायनं उघडलं, अनुसूयानं. बॅटरी तोंडावर धरली, आन् दोन पावलं मागं सरली.

"गुंजे... काजळ कवापासून घालाय लागलीस?"

तेल लावलं, साबण लावला. निघालं न्हाई.

आन् तू माझ्या डोळ्यांकडं काहून टकमक बघून राहिलीस? म्हातारीनं नटू न्हाई व्हय? ऊठ. जा आता.