मोटारीशेजारची सावली

जुने फोटो साफ करणं हा माझा धंदा, आणि जुन्या गाड्या चालत्या करणं हा माझ्या नवऱ्याचा. तुमच्या घरात नवी वस्तू पाहुणी म्हणूनसुद्धा येत नाही, असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात. लग्नानंतर मी चेष्टेनं तसं म्हणायला लागले आणि तेच तोंडात बसलं. तो मला फोटोवाली म्हणतो. फिटंफाट.

ते काम मिस्त्रीनेच आणलं होतं. शहराबाहेरच्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये एक उघडी मोटार वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून होती. ताटाएवढे दिवे, बाजूला बांधलेलं जादा चाक, चढायला लांब पायरी. बंगला आता मालकिणीच्या नातीकडे आला होता. आम्ही घरात तिला नुसती 'नात' म्हणायचो. नातीला मोटार चालती करून हवी होती, आणि आजीच्या मोटारीसोबतच्या फोटोंचं एक मोठं, गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढायचं होतं. गाडी मिस्त्रीकडे आली, फोटो माझ्याकडे. नवराबायको एकाच घरी कामाला, म्हणून आम्ही दोघंही खूश होतो.

फोटो म्हणजे काचेच्या निगेटिव्ह. लाकडी पेट्यांत, कागदात गुंडाळून ठेवलेल्या. एकेक काच काढायची, मऊ ब्रशने धूळ झाडायची, खालून उजेड येणाऱ्या टेबलावर ठेवून तपासायची, मग स्कॅन करायची आणि ओरखडे, बुरशी, डाग संगणकावर काढायचे. कंटाळवाणं काम आहे. मला आवडतं.

आणि आजी काय बाई होती! एका फोटोत फरची कॉलर, कोपरापर्यंत हातमोजे, एक पाय पायरीवर. दुसऱ्यात धुळीचा चष्मा कपाळावर चढवलेला, मांडीवर कुत्रं, ओठांवर हसू, कुत्रं मात्र रागावलेलं. तळ्याकाठी मैत्रिणींच्या घोळक्यात, शर्यतीनंतर चषक काखेत मारून. तिच्यासमोर मोटारच जरा बुजल्यासारखी दिसायची. मिस्त्री काचा बघायला आला की म्हणायचा, "हिच्या ऐटीतले चार आणे जरी तुझ्यात असते ना!" मी म्हणायचे, "मग तुझं कसं झालं असतं?"

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आजी कुठल्याच फोटोत सरळ कॅमेऱ्याकडे बघत नाही. मान किंचित मोटारीच्या दाराकडे वळलेली. आणि दाराशेजारी, प्रत्येक काचेवर, लाल रंगाचा, माणसाच्या आकाराचा पट्टा.

त्यात नवल काही नव्हतं. पूर्वी फोटोतून माणूस काढायचा तर काचेवर असा लाल रंग भरत. तिथून उजेड जात नाही, कागदावर ती जागा कोरी पांढरी उमटते. मागे बंगल्याची पांढरी भिंत नाहीतर आकाश असलं की काम बेमालूम. ड्रायव्हर असणार. दार धरून उभा राहिलेला, मग नकोसा झालेला.

माणूस गेला होता, पण सावली होती. जमिनीवर पडलेली, डोक्यावर टोपी असलेली, पुढच्या चाकापर्यंत पोचलेली. प्रत्येक फोटोत.

हेही मला ओळखीचं होतं. मला हे काम शिकवणारे मास्तर सांगायचे, माणूस काढायचा, सावली राहू द्यायची. विसरले की बोटांवर पट्टी बसायची. मला वाटायचं, खडीवरची सावली काढणं म्हणजे दाणा दाणा रंगवत बसणं. हाच आळस कुणीतरी नियम म्हणून खपवला आणि पुढच्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला.

नात पहिले फोटो बघायला आली तेव्हा तिचं बोट नेमकं तिथेच गेलं.

"ताई, हे काय आहे?"

"कुणाची तरी सावली आहे. माणूस आधीच काढलेला आहे."

"मग हीपण काढा ना. उगाच भुतासारखी दिसते."

गिऱ्हाइकाचं म्हणणं रास्त होतं. मी सावल्या काढायला घेतल्या. संगणकावर फारशी मेहनत नसते. बाजूची खडी उचलायची आणि त्यावर पसरायची. पहिल्या पेटीतल्या सगळ्या काढून झाल्या, त्या संध्याकाळी मिस्त्री घरी आला तो डोकं खाजवत.

"गाडी एका बाजूला बसलीय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ड्रायव्हरच्या बाजूनं. काल सरळ होती. आज दोन बोटं खाली."

त्याने मागच्या चाकांवरचे, गाडीचा भार झेलणारे पोलादी पाटे उतरवले, ठाकठीक करून पुन्हा चढवले. मी दुसरी पेटी संपवली. मोटार आणखी एक बोट खाली आली. त्याने पाटे नवीन घडवून घेतले. फरक शून्य. मिस्त्री चिडला नाही. गाडीवर तो कधीच चिडत नाही, तो राग माझ्यासाठी राखून ठेवतो. पण जेवताना त्याने भाजी पुन्हा मागितली नाही.

"मी आत बसून बघितलं," तो म्हणाला. "माझं वजन पडलं तर आणखी बसायला पाहिजे ना? तसूभर हलली नाही."

"गंजून अडकली असेल."

"नवे पाटे कुठून गंजतील?" त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "आणि गादी गरम होती. गॅरेजमध्ये ऊन येत नाही."

माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी तिला गप्प केलं. गरम गादीला हजार कारणं असतात. मी त्यातली दोन त्याला सांगितली. त्याने ती ऐकून घेतली, जशी बायकोची ऐकून घेतात तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका कामासाठी मला पहिल्या पेटीतली एक काच पुन्हा लागली. हातमोजे घातलेल्या आजीची. मी ती टेबलावर ठेवली, दिवा लावला. काचेवर सगळं उलटं असतं. काळं ते उजळ, उजळ ते काळं. सावलीच्या जागी उजळ आकृती दिसायला हवी होती.

नव्हती. सगळीकडे सारखी, करडी खडी. पलीकडे चाकापर्यंत.

मी काचेला हात लावला नव्हता. जे केलं ते संगणकावर, स्कॅनच्या नकलेवर. मूळ स्कॅन मी वेगळे जपून ठेवते, ते उघडले. त्यांतही सावली नव्हती. पहिल्या पेटीतल्या सगळ्या काचा मी एकेक करून दिव्यावर धरल्या. लाल पट्टे जागच्या जागी होते. खाली जमीन स्वच्छ.

मी मास्तरांना फोन लावला. ते आता फार म्हातारे झालेत आणि फोनवर बोलताना रेडिओ बंद करत नाहीत.

"मास्तर, सावली ठेवायची असं तुम्ही का शिकवलंत?"

"आमच्या मास्तरांनी शिकवलं म्हणून. जेवलीस का?"

"पण त्यांनी का सांगितलं?"

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, कुठंतरी उभा राहू दे ना बिचाऱ्याला." रेडिओवर कुणीतरी बातम्या वाचत होतं. मग मास्तरांनी विचारलं, "तू काढलीस का?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं केलंस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सावल्या परत आणाव्यात म्हणून मी दुपारभर बसले. अंदाजाने रंगवल्या. रंगवलेली सावली डागासारखी दिसते, शिकाऊ माणसालाही कळते. मी तो नाद सोडला. उरलेल्या पेटीला हात लावायचा नाही एवढं मात्र ठरवलं, आणि मिस्त्रीला म्हटलं, "ते काम सोडून दे."

"वेड लागलं का? इंजिन चालू झालंय. परवा नात गाडीसोबत फोटो काढणार आहे, शेवटच्या पानासाठी. तूच काढायचाय म्हणाली."

"कारण विचारू नकोस. सोड."

"तुझ्या काचांना बुरशी लागली म्हणून तू काम सोडतेस का?" तो हसला. त्याच्या हसण्यापुढे माझं कधी काही चाललेलं नाही. मी त्याला सगळं सांगायला हवं होतं. पण सगळं म्हणजे काय, हेच मला धड सांगता आलं नसतं.

फोटोच्या दिवशी कडक ऊन होतं. मोटार बंगल्यासमोर उभी होती, पांढऱ्या भिंतीपुढे, जिथे ती कितीतरी काचांवर उभी आहे तिथेच. ड्रायव्हरची बाजू खाली गेलेली साध्या डोळ्यांना दिसत होती. नातीने आजीचे हातमोजे घातले होते, ते तिला सैल होत होते. कॅमेरा तिचाच होता.

"मिस्त्री, तुम्ही दार धरून उभे राहा ना," ती म्हणाली. "जुन्या फोटोंसारखं वाटेल."

"नको," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मिस्त्रीला संकोच वाटला. चारचौघांत बायको ओरडली की कुणालाही वाटतो. त्याने फडक्याला हात पुसले, टोपी सारखी केली आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

मी कॅमेऱ्यातून बघितलं. तो होता. हसत होता, मला चिडवायला एक भुवई उंच केलेली.

मी बटण दाबलं.

मोटारीचे पाटे कुरकुरले. कुणी उतरलं की कुरकुरतात तसे.

"अरे वा," मिस्त्री खाली वाकून म्हणाला. "सरळ झाली की!"

खरंच झाली होती. मोटार चारी चाकांवर सारखी उभी होती.

नातीने माझ्या हातातून कॅमेरा घेतला आणि पडद्यावर फोटो बघितला. "छान आलाय. मिस्त्री मात्र आयत्या वेळी बाजूला झाले वाटतं."

तो बाजूला झाला नव्हता. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. मोटार होती, नात होती, मागे पांढरी भिंत होती. दाराशेजारी कुणीच नव्हतं. खडीवर एक सावली होती, टोपी घातलेली. ती टोपी मीच त्याला आणून दिली होती, तिची वाकडी कड मला कुठेही ओळखता येते.

"ही तेवढी काढून टाका," नात म्हणाली.

"नाही. ही राहू द्या."

"का?"

"राहू द्या. मी पाया पडते तुमच्या."

ती गोंधळून हसली. "अहो ताई, आधीच्या तुम्हीच तर काढल्यात."

मी दुसरा फोटो काढू म्हणाले. उशीर झाला म्हणाली. मी कॅमेरा मागितला. घरी जाऊन पाठवते म्हणाली. मिस्त्री माझा दंड धरून मला फाटकापर्यंत घेऊन आला. त्याचा हात नेहमीसारखा ऊबदार होता, ग्रीसचा वास येत होता. रस्त्यावर आमच्या दोघांच्याही सावल्या पडल्या होत्या. घर येईपर्यंत मी मान वर केली नाही, त्याच्या सावलीवरून नजर हलवली नाही. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिने फोटो पाठवला नाही. मी दोन दिवस फोन करत राहिले. शेवटी तिने उचलला.

"ताई, तुम्ही उगाच जिवाला लावून घेतलंत. छापखान्यातल्या माणसानं मघाशीच काढून दिली सावली. इतकं सफाईदार, बघाच तुम्ही."

मी फोन ठेवला तेव्हा संध्याकाळ होत होती. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. तिच्याखाली मोरी, समोर टेबल. मी टेबलाशी बसून राहिले.

थोड्या वेळाने दार वाजलं. त्याची पावलं आली, चपला काढल्याचा आवाज आला. तो घरी आला होता. रडूच यायचं बाकी होतं.

"काय गं, अशी का बसलीस?" त्याने विचारलं. मग मोरीपाशी गेला, नळ सोडला आणि माझ्याकडे तोंड करून, खिडकीला टेकून, हात चोळत बोलत राहिला. नातीने पैसे चुकते केले होते. उद्या एका डॉक्टरची गाडी येणार होती. ब्रेक लागत नव्हते म्हणे.

मी हं हं करत होते. नीट दिसत नव्हतं, म्हणून कपाळावर हात आडवा धरला. मावळतीचं ऊन थेट माझ्या डोळ्यांत येत होतं.

तो माझ्या आणि खिडकीच्या मधेच उभा होता.