तिप्पट साऱ्याची बाग

"वहिनी, एकच विचारतो. माझ्याच वाट्याला जमिनीचा तिप्पट सारा का?"

अनसूयेच्या हातातलं केळं हातातच राहिलं. ओसरीपुढच्या मांडवावर सुकेळ्यांसाठी ती पिकली राजेळी सोलून पसरीत होती. समोर उभा होता एकनाथ, तिचा धाकटा दीर... सहा वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून जो या अनसूयेच्याच हातून जेवला होता, तापात तिच्याच मांडीवर झोपला होता! आज त्याच्या नजरेत असं काही परकेपण होतं, की क्षणभर तिला वाटलं, दारात कुणी सरकारी माणूसच आला आहे.

त्याच्या हातात एक कागद होता. मधोमध रेघ, एका बाजूला त्यांचं गाव सांडोर, दुसऱ्या बाजूला डोंगरापलीकडचं संस्थान. मॅट्रिक झालेला एकनाथ हुशार होता, आणि हुशार माणसाला असते ती खोड त्यालाही होती. एखादी गोष्ट कागदावर उतरली की ती त्याला खरी वाटे. लढाईचे दिवस होते, इंग्रजी मुलखात रोज नवा कर बसल्याच्या वार्ता होत्या, आणि संस्थानात पडीक जमीन मागेल त्याला मिळते असं त्याला वसईच्या बाजारात कुणी सांगितलं होतं.

"तिथं एकरी सारा इथल्याच्या चौथाई. पहिली दोन वर्षं तोही माफ," तो म्हणाला. "आणि इथं? आपल्या दोघांचे तुकडे सारखेच मोठे. तुमच्या नावावर इतकासा सारा, माझ्या नावावर तिप्पट. दादा अंथरुणाला खिळले होते, मी अजाण होतो. मग कागद कुणी केले, वहिनी?"

उंबऱ्यात त्याची बायको प्रेमलता पदराशी चाळा करीत उभी होती. अनसूयेची चौदा वर्षांची मंदा केळ्यांची पाटी घेऊन येता येता थबकली.

कुणी केले कागद...! त्या दिवसाची आठवण अनसूयेच्या काळजात अजून ओली होती. नवरा नरहरी अखेरच्या दुखण्यात होता. घरचे दोन तुकडे. एक घरामागची बागायत, बारमाही गोड्या पाण्याचं तळं, म्हणजे बावखल, त्यावर रेड्याने फिरणारा रहाट, केळी आणि हिरवागार पानमळा. दुसरं खाडीकडचं खाजण, एक भातपीक येणारं, बांध फुटला तर तेही नाही. वाटणी करून ठेवावी म्हणून नरहरीने तलाठ्याला बोलावलं, तेव्हा कुठला तुकडा कुणाला, असा त्याला विचार पडला होता. अनसूयाच म्हणाली होती, "बागायत भावजींच्या नावे करा. मंदा उद्या सासरी जाईल. त्या पोराला या मातीवरच जगायचंय." नरहरीने तिचा हात हातात घेतला होता. मग म्हणाला, "त्याला कळू देऊ नकोस. कळलं तर तो घ्यायचा नाही." तिने मान डोलावली, आणि शेजारच्या मळ्यातल्या फर्डिनंडने साक्षीदार म्हणून सही केली.

उत्तम जमिनीला सारा जास्त, खाजणाला कमी. इतकी साधी गोष्ट! पण वाटणीनंतरही बारा वर्षं एकाच चुलीवर जेवलेल्या एकनाथने दोन्ही तुकड्यांत तिला घाम गाळताना पाहिलं होतं. कुठला तुकडा कुणाचा हे कधी विचारलंच नव्हतं, आणि आता कागद पाहिला तर फक्त आकडा पाहिला. कुठला आकडा कुठल्या मातीचा, हे त्याने तलाठ्यालाही विचारलं नाही.

एक शब्द बोलली असती तर कागद तिथल्या तिथे फाटला असता. शब्द जिभेवर आलाही... पण त्यामागून नरहरीचा तो क्षीण चेहरा आला. अनसूयेने मान खाली घातली आणि केळं मांडवावर ठेवलं.

"तेव्हा जे योग्य वाटलं ते केलं, भावजी," ती म्हणाली.

"कुणाला योग्य? तुम्हाला?" एकनाथचा आवाज चिरकला. "मी तुम्हाला आईच्या जागी मानलं, वहिनी. आईनं पोराच्या डोक्यावर ओझं टाकलं. ठीक आहे. मी चाललो. ही बाग मला नको. सारा थकला तर सरकार जप्त करील, करू दे."

आठ दिवसांत बैलगाडी भरली. निघताना प्रेमलता वाकून पाया पडली आणि रडली, एकनाथ मात्र बैलांची वेसण धरून पाठमोरा उभा राहिला. डोंगराकडच्या कामणच्या वाटेवरची धूळ खाली बसेपर्यंत अनसूया अंगणात होती.

"आई, तू काहीतरी सांगायला हवं होतंस," मंदा म्हणाली.

"सांगायचं होतं," अनसूया म्हणाली, आणि पदर खोचून बागेकडे वळली.

कारण पानवेल कुणाचा राग जाणत नाही. उन्हाळ्यात आठ दिवस पाणी तुटलं तर वर्षांची मेहनत जळून जाते. अनसूया पहाटे रेडा जुंपी, मंदा त्याला हाकी, आणि रहाटाचं पाणी पाटापाटाने वेलींच्या मुळाशी नेता नेता दुपार होई. फर्डिनंडला ते बघवेना.

"अनसूयाबाई, पत्र टाकतो मी त्याला. साक्षीला मी होतो ना?"

"तुमच्या क्रुसाची शपथ आहे, फर्डिनंडभाऊ. भावजी परत येईपर्यंत एक अक्षर कळवायचं नाही."

"आणि बाग कुणासाठी जगवताय?"

"येतील ते," ती म्हणाली.

दोन हातांना किती पुरावं! बागेला पाणी द्यायचं तर खाजणाचा बांध बघायला वेळ उरेना. भादव्यातल्या उधाणाने बांध फोडला आणि खारं पाणी तिच्या कणसं धरू लागलेल्या भातात शिरलं. पाणी ओसरल्यावर ती तिथे जाऊन उभी राहिली. रोपं उभीच होती, नुसती पिवळी पडली होती. तिने कपाळाला हात लावला नाही की रडली नाही. पण घरी येऊन तिने मंदाला घट्ट जवळ घेतलं. या पोरीच्या तोंडचा घास आपण दुसऱ्यांदा काढला, ही बोच तिला त्या दिवशी प्रथम लागली. तरी बागेचा सारा आधी भरला, मग घरात धान्य आलं.

दुसऱ्या वर्षीच्या माघात, भर दुपारी ती पानमळ्यात खुडणी करीत होती. वेलींच्या दाट भिंतींतून बाहेरचं काही दिसत नव्हतं. वाटेवर पावलं वाजली आणि तिचा हात थांबला. ही चाल तिने हजारांत ओळखली असती.

"फर्डिनंडकाका," एकनाथचा आवाज खोल गेला होता, "लिलावात बाग तुम्ही घेतलीत ना? बरं झालं. चांगली राखलीय."

"लिलाव? कसला लिलाव? तू आधी बस. हाडं वर आलीत तुझी. काय झालं तिकडं?"

"काय व्हायचं... सारा खरंच माफ होता. जमिनीत पाणीही माफच होतं! विहीर खणली तर फाल्गुनात कोरडी. उरलेल्या वेलींची पानं खुडून इकडं स्टेशनावर आणायची तर हद्दीवर नाका. जकात थोडीच, पण कारकून येईपर्यंत गाडी दोन दोन दिवस उन्हात उभी. पान तोवर थांबतं का? आणि पेरणीच्या दिवसांत दरबारची वेठ. यातलं एकही माझ्या कागदावर नव्हतं, काका." तो थांबला. "प्रेमलतेला दिवस गेलेत. तिला माहेरी सोडून आलोय. इथं कुठं मजुरीचं काम असेल तर बघा. फक्त वहिनींना कळू देऊ नका."

पानांची चळत अनसूयेच्या हातातून गळून पडली.

"मजुरी?" फर्डिनंडचा संयम सुटला. "तुझ्या बागेत तू मजुरी करणार? बाग तुझीच आहे. दोन वर्षं सारा तिनं भरला. तुझ्या वेली जगवता जगवता स्वतःचं खाजण खाडीला दिलं. शपथ तू येईपर्यंतची होती, आता बोलतो. बागायतीला सारा जास्त असतो, अरे शिकलेल्या! जास्त सारा लावला म्हणतोस... तिनं तुला चांगली जमीन दिली आणि खारी स्वतःकडं ठेवली. माझी सही आहे त्याच्यावर!"

मग वेली बाजूला सारीत एकनाथ आत आला. ओल्या पाटातच त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"का नाही सांगितलंत, वहिनी... का नाही?"

अनसूयेच्या डोळ्यांतून दोन वर्षांचं पाणी एकदम वाहू लागलं. "सांगितलं असतं तर राहिला असतात," ती हुंदके आवरीत म्हणाली. "पण मान खाली घालून राहिला असतात. मला घरात माझा दीर हवा होता, भावजी. उपकाराखाली वाकलेला माणूस नको होता."

"मी मनात आईला चोर ठरवलं."

"उठा. चिखलात बसू नका. प्रेमलतेला उद्याच घेऊन या, पहिलं बाळंतपण माहेरी, पण डोहाळे माझ्या घरी."

प्रेमलता आली. त्याआधी एकनाथ तलाठ्याकडे जाऊन आला, आणि संध्याकाळी अनसूयेपुढे नवा अर्ज ठेवला. बागायत अनसूया आणि मंदाच्या नावे, खाजण एकनाथच्या नावे. ती कितीतरी नको म्हणाली, रागावली, शेवटी नरहरीचे अखेरचे शब्द सांगून त्याची शपथ घालू लागली.

"दादांनी मला कळू देऊ नका म्हटलं होतं," एकनाथ शांतपणे म्हणाला. "कळल्यावरही घ्यायला लावा, असं नव्हतं म्हटलं. मंदाच्या बापाच्या जागी मी आहे ना? मग करा सही." तिने केली.

त्या उन्हाळ्यात त्याने एकट्याने खाजणाचा बांध बांधून काढला, आणि उरलेला वेळ पूर्वीसारखाच बागेत राबला. पण एकदा खारावलेली जमीन लगेच पिकत नाही, त्या वर्षी तिथे मूठभरही भात झालं नाही.

वसुलीच्या दिवशी दोघं चावडीत गेली. अनसूयेने बागायतीचा तिप्पट सारा भरला आणि बाजूला झाली. एकनाथ पुढे आला. तलाठी भला माणूस होता, म्हणाला, "एकनाथ, खाजणात दाणा झालेला नाही, मला ठाऊक आहे. माफीचा अर्ज टाक, मी शिफारस करतो. कशाला भरतोस?"

"नको," एकनाथ म्हणाला. "पूर्ण घ्या. या खाजणाचा सारा वहिनींनी जितकी वर्षं भरलाय, तितकी वर्षं आता मी भरणार आहे."