कॅप्टन करवीरचा गूळ

त्या मंगळवारी तीन रस्त्यांच्या तिकटीवर उसाचा ट्रॅक्टर आला नसता, तर शांभवीच्या नशिबात पुढं काय होतं, ते महादेवालाच ठाऊक!

बालवाडी नुकतीच सुटली होती. जाड दोरीला धरून मुलं रांगेनं रस्ता ओलांडत होती आणि दोरीचं शेवटचं टोक शांभवीबाईंच्या हातात. तेवढ्यात वळणावरून ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, वर उसाचे डोंगर आणि गाण्यांचा असा दणका, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. रस्त्यात पडलेलं उसाचं कांडकं पाहून छोट्या तहरीमनं दोरी सोडली... शांभवी तिच्यामागं धावली... आणि डोळ्यांपुढं एक लाल झगा फडफडला.

कुणाच्या तरी एका हातानं तहरीमला उचललं, दुसऱ्यानं शांभवीला मागं ओढलं. अत्तराचा मंद वास आला. मुखवट्याआडून तो माणूस काहीतरी बोललाही, पण ते गाण्यात बुडून गेलं. ट्रॅक्टर गेला, धूळ खाली बसली, तेव्हा तो तिथं नव्हता.

"बाई, कॅप्टन करवीर! कॅप्टन करवीर!" मुलं नाचायला लागली.

कॅप्टन करवीर त्या पेठेत सगळ्यांच्या ओळखीचा. गणपतीत तालमीच्या पोरांनी सजीव देखावा केला होता, त्यातला हा सुपरहिरो. आधी राक्षसाला लोळवायचा आणि शेवटी नर्स, झाडूवाली, एसटीचा ड्रायव्हर यांच्या पायाशी आपला झगा ठेवून हात जोडायचा. बघणाऱ्या बायका डोळे पुसायच्या. गणपती गेले, पण पोशाख काही पेटीत गेला नाही. शाळा सुटताना तो चढवून तालमीतलं कुणीतरी तिकटीवर उभं राहायचं. पोलिसाच्या शिट्टीला न थांबणारे रिक्षावाले कॅप्टनला बघून हसत का होईना, ब्रेक दाबायचे.

शांभवी मूळची गडहिंग्लजची. नोकरीसाठी इथं मावशीकडं राहायची. पहाटे आंघोळ, कपाळाला विभूती, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा. त्याआधी चहाचा घोटसुद्धा नाही. तिचा आवाज इतका हळू, की मावशी म्हणायची, "तुझं गाऱ्हाणं ऐकायला देवालाच खाली वाकावं लागत असंल बघ!" त्या रात्री जेवताना तिनं ताटातला गुळाचा खडा बाजूला ठेवला आणि मनाशी नेम केला – ज्यानं मला आणि लेकराला राखलं, त्याला माझ्या हातानं गूळ भरवीन, मगच मी गूळ खाईन.

ऐन गुऱ्हाळांच्या दिवसांत, कोल्हापुरात राहून, गूळ सोडायचा! मावशीनं कपाळावर हात मारला.

पुढच्या आठवड्यात कॅप्टन तिला पुन्हा तिकटीवर दिसला. मुखवटा कपाळावर सरकवून घाम पुसत उभा होता. सावळा चेहरा, दाट भुवया, हसरे डोळे. शांभवी तडक पुढं गेली, पदराच्या टोकाची गाठ सोडली.

"जरा तोंड उघडा."

"आँ? का हो, ताई?"

तो 'आँ' पुरेसा होता. गुळाचा खडा आत गेला.

"मागच्या मंगळवारी तुम्ही आम्हाला वाचवलंत," ती भरल्या डोळ्यांनी म्हणाली. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

त्यानं हात हलवले, मान हलवली, पण खडा होता मोठा आणि तोंड होतं भरलेलं. तोवर तिनं दोन्ही हात जोडले, उरलेला गूळ आपल्या जिभेवर ठेवला आणि ती अशी हसली... की खडा विरघळला तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"नाव तरी सांगा."

"बाळाप्पा."

तिनं ओठ दाबून हसू आवरलं.

"हसा की! नाव आज्याचं हाय, वय माझंच हाय."

त्या दिवसापासून बालवाडी सुटली, की बाळाप्पा रस्त्याच्या त्या कडेपर्यंत सोबत येऊ लागला. मग बोळापर्यंत... मग मावशीच्या दारापर्यंत.

"काम काय करता?"

"म्हापालिकेत चावीवाला. पहाटं उठून एकेका गल्लीचं पाणी सोडायचं. तुमच्या गल्लीपास्नंच सुरवात. पाणी आलं तर माझी कुणाला सय येत न्हाय... आणि न्हाय आलं की सगळ्यास्नी माझं नाव पाठ असतंय!"

शांभवी खळखळून हसली. इतक्या मोठ्यानं ती कधी हसली होती, तिलाच आठवेना.

"आणि कॅप्टन असताना?"

"तवा पोरं हात हलवत्यात. तेवढं बरं वाटतंय बघा."

"त्या दिवशी अत्तर लावलं होतं ना? आता का लावत नाही?"

बाळाप्पाचा चेहरा एकदम उतरला. "त्ये... त्याचं काय हाय..." म्हणत तो उगाच झग्याची गाठ सोडबांध करत राहिला. लाजला असेल, असं शांभवीला वाटलं. तिलाही गोड वाटलं.

एकदा दाराशी थांबून ती हळूच म्हणाली, "एक सांगू? रोज पूजेत तुमचं नाव घेते मी. देवाला सांगते, माझा नेम यांच्यामुळं पुरा झाला."

शांभवी लाजून आत पळाली. बाळाप्पा मात्र गेला तो मान खाली घालून. मग तो तिकटीवर दिसेनाच. त्याच्या जागी झग्यात कधी एक जाडा कॅप्टन, कधी एक बुटका. शांभवी मुलांची दोरी धरून इकडंतिकडं बघायची. कॅप्टन एकच नसतो, हे आता डोळ्यांना दिसत होतं. मन मात्र ते समजून घ्यायला तयार नव्हतं.

भोगीच्या दिवशी बाळाप्पा तिकटीवर आला. साध्या शर्टात, केस विंचरलेले, डोळे जागे राहिल्यासारखे लाल.

"बाई, मला एकदा बोलू द्या. मधी गूळ घालू नका."

ती हसली नाही.

"त्या मंगळवारी झग्यात मी न्हवतो. मी टाकीवर गेलतो. तुमास्नी वाचवलं गैबीचाचानं. आमचा शिंपी... पोशाख त्यानंच शिवलाय. त्या दिवशी कुणी पोरगं मोकळं न्हवतं, म्हून म्हाताऱ्यानं स्वतः चढवला. तुमाला ओढताना गुडघा मुरगाळला त्याचा. 'घरी कळलं तर खैर न्हाय,' म्हणून आमच्याकडनं शब्द घेतला. पयल्या दिवशी माझं तोंड भरलेलं होतं. पुढं... पुढं तुमी हसायला लागला. माझी जीभच उचलंना."

शांभवी हातातली दोरी गुंडाळू लागली.

"तुमी देवापुढं माझं खोटं नाव घेताय. त्ये सोसंना मला. आज चाचाचा शब्द मोडून आलोय. आता तुमी बोलणार न्हाईसा... ठावं हाय." आणि तो वळून चालू लागला.

शांभवी घरी गेली, डब्यातला गूळ घेतला आणि थेट गैबीचाचाचं दुकान गाठलं. दाराशीच तोच अत्तराचा वास! चाचा मशीनवर, गुडघ्याला पट्टा, आणि शेजारी हाफिजाचाची काज करत बसलेली.

"चाचा, तोंड उघडा."

चाचानं तिच्याकडं बघितलं, मग बायकोकडं, आणि कपाळावर हात मारला. "त्या बाळ्यानं सांगितलं वाटतं!"

"काय सांगितलं?" हाफिजाचाची ताडकन म्हणाली. "जिन्यावरनं पडलो म्हणालात न्हवं का? या वयात पाटलोणीवर लाल चड्डी चढवून रस्त्यात हिंडताय व्हय?" पण सगळं ऐकल्यावर तिचेच डोळे भरले. तिनं शांभवीचा गुळाचा हात धरला, त्याच हातानं अर्धा गूळ चाचाच्या तोंडात कोंबला आणि उरलेला शांभवीच्या. "मलाबी हात लावू दे बेटी, ह्यो माझाबी कॅप्टन हाय," असं म्हणून तिनं पदरानं चाचाच्या मिशीला लागलेला गूळ पुसला.

शांभवीनं वाकून चाचांच्या पायाला हात लावला.

"पाया काय पडतीस पोरी!" चाचा संकोचून म्हणाला. "उपरवाल्यानं त्या घडीला मला तिथं उभं केलं, एवढंच. पण त्या बाळ्यावर रागवू नकोस. खोटं पचत न्हाय त्याला. गप्प बसला असता तर सगळंच मिळालं असतं की त्याला!"

ते वाक्य घेऊनच ती घरी आली.

संक्रांतीची पहाट उजाडत होती. शांभवीनं नळाखाली तांब्या धरला. आत आधी सुस्कारा, मग खळखळ... आणि गार पाणी बोटांवर आलं. याच पाण्यानं आंघोळ. याच पाण्यानं इष्टलिंगाला स्नान. इतक्या पहाटा तिनं देवाचे आभार मानले होते, पण हे पाणी दारापर्यंत आणतं कोण, हे एकदाही मनात आलं नव्हतं. तळहातावरच्या इष्टलिंगाला तिनं डोळे मिटून नमस्कार केला. आज बाळाप्पाचं नाव घेतानाही जीभ अडखळली नाही.

पूजा आटोपून ती ओल्या केसांनीच बाहेर पडली. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी बाळाप्पा लोखंडी चावी दोन्ही हातांनी रेटत होता. कानाला मफलर, अंगावर विटका स्वेटर. तिला बघून तो गडबडला.

"पाणी आलं न्हाई व्हय तुमच्याकडं?"

"आलं. रोज येतं."

"मग?"

"चाचांना गूळ भरवून आले काल."

"बरं झालं." तो चावीकडंच बघत म्हणाला. "फिटला नेम."

"फिटला." तिनं मूठ पुढं केली. मुठीत तिळगुळाचा लाडू होता. "तोंड उघडा."

"आता कशापायी? मी काय कुणाला वाचवलं न्हाय, बाई."

"आभाराचा गूळ चाचांचा होता," शांभवी म्हणाली. नेहमीसारखंच हळू, इतकं हळू, की त्याला वाकावं लागलं. "हा आभाराचा नाही. आणि... बाई म्हणू नका. शांभवी म्हणा."

बाळाप्पाचा 'आँ' झालाच.

तेवढ्यात नळांनी खोकून घसा मोकळा केला आणि गल्लीतून हाका उठल्या, "आलं, आलं! पाणी आलं!" घागरी, बादल्या, कळशा... सगळ्या गल्लीला एकदमच जाग आली. चावीवाल्याची सय नेहमीप्रमाणं कुणालाच आली नाही.

एकीला सोडून. ती समोर उभी राहून त्याच्याकडं बघत होती. बाळाप्पाचं तोंड तिळगुळानं भरलेलं होतं, आणि या वेळी त्याला बोलायची मुळीच घाई नव्हती.