तारेवरचा आवाज

“घर सोडायचं? मी? मेले तरी नाही!” म्हणत अक्का शिलाई मशीनला मिठी मारून बसली होती, पण परसात खणताना जुन्या लढाईतला बॉम्ब निघालाय म्हटल्यावर तिचं कोण ऐकतंय! दोघा शिपायांनी तिला अक्षरशः उचलून गल्लीच्या टोकाच्या शाळेत आणून बसवलं. आणि तिथे, बॉम्बपथकाच्या प्रमुखांच्या टेबलावरच्या स्पीकरमधून तो आवाज आला...

“माती बाजूला केली. बॉम्बचा फ्यूज दिसतोय. आता तो काढायला किल्ली लावतोय.”

धाकटा! आईबापांमागे ज्याची ती आई झाली, ज्याच्यापायी आलेली स्थळं परत पाठवली, लोकांचे कपडे शिवशिवून ज्याच्यासाठी ते दोन खोल्यांचं घर उभं केलं, तोच तिचा भाऊ! बॉम्ब निकामी करायच्या नोकरीत शिरला, तेव्हा “मरायला वाढवलं का मी तुला?” एवढंच विचारून तिने जे तोंड फिरवलं, ते आजतागायत फिरवलेलंच होतं.

“हा एकटाच कुणाशी बडबडतोय?” तिला राहवेना.

प्रमुख हलकेच म्हणाले, “प्रत्येक गोष्ट करायच्या आधी बोलून दाखवायची, ही आमची रीत आहे. म्हणजे बॉम्ब फुटलाच, तर पुढच्या माणसाला कळतं... काय करायचं नाही ते.”

अक्काच्या अंगावर सर्रकन काटा आला. स्वतःचं मरण पुढ्यात ठेवून हा पोरगा कुणा परक्या माणसाची काळजी वाहत होता! आणि आवाज तरी कसा... संथ, निर्मळ, कशाचं म्हणून ओझं नसलेला! इतकी वर्षं ती ज्याला हट्ट म्हणत आली, ती तर तपश्चर्या होती! तिचे हात आपोआप जोडले गेले.

“किल्ली अर्धा फेरा डावीकडे फिरवतोय... अडकली. आतून गंजलंय सगळं.”

“सोड मग. मागे ये,” प्रमुख माइकमध्ये म्हणाले. “जागीच उडवू.”

स्पीकर खरखरला. मग, “साहेब, जागीच उडवला तर घर जाईल... अक्काचं घर आहे ते. अजून एकदा जोर लावून बघतो.”

“वेड लागलंय का तुला? हुकूम आहे हा!”

“एकदाच, साहेब...”

अक्काने झडप घालून माइक ओढला. “धाकट्या!”

“...अक्का?” इतका वेळ न हललेला तो आवाज थरथरला!

“हात काढलास का किल्लीवरून? आधी ते सांग!”

“काढला.”

“मग कान देऊन ऐक. उडव ते घर! एक वीट शिल्लक ठेवू नकोस! आणि तू चालत बाहेर ये, नाहीतर मी येते तिथे. तुझे साहेब मला अडवतात का बघतेच!”

तासाभराने जमीन हादरली, शाळेची तावदानं थरारली; पण शेजारच्या एकाही भिंतीला तडा गेला नाही. वाळूची पोती रचून त्याने त्या राक्षसाला अशी वेसण घातली होती, की गेलं ते फक्त अक्काचं घर. धुरळ्याकडे बघत ती थक्क होऊन उभी राहिली.

तो आला, नि चार हातांवरच थबकला. मान खाली. “अक्का, तुझा जन्म गेला गं त्या घरात... आणि मीच माझ्या हातांनी...”

“गप रे!” मातीने माखलेलं त्याचं तोंड तिने दोन्ही तळव्यांत घेतलं, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं पाणी तिच्या डोळ्यांतून घळाघळा वाहू लागलं. “तुला वाढवायला बांधलं होतं मी ते. वाढलास की!”