कोवळा होत गेलेला चहा

सकाळपासून त्या एका वडीने माझ्या डोक्याला ताप दिला होता. पु-अर या चिनी चहाची वडी. पानं दाबून केलेली, काळपट, चपटी, आणि मालकाच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या जन्माच्याही आधीपासून मुरत ठेवलेली. खरी की बनावट, एवढंच आम्हाला सांगायचं होतं. आम्ही म्हणजे मी आणि काका, दोघंही चहा चाखणारे. मालक बाहेरच्या खोलीत पाय हलवत बसला होता.

त्याच पानांवर पुन्हापुन्हा उकळतं पाणी ओतायचं, चमचाभर जिभेवर खेळवायचं आणि भांड्यात थुंकायचं. दर पाण्याला चहाची चव फिकी होते. याची होईना. पहिल्या पाण्याला ओल्या मातीचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. पुढच्याला लाकूड गेलं, मग मातीही गेली. रंग काळ्याचा तांबूस झाला, तांबूसचा पिवळा, आणि चव उलट तुरट, करकरीत होत चालली.

"जुना चहा असा वागतो होय? बनावट आहे, सांगून टाकते त्याला," मी वैतागून म्हटलं.

"थांब गं. तुला नेहमीचीच घाई," म्हणत काकांनी घोट गिळला.

गिळला! मला थुंकायला शिकवणाऱ्या माणसाने!

"काका, थुंका ना! मग छातीत जळजळलं की मलाच हाका माराल."

ऐकतील तर शपथ. माझं म्हणावं असं हे एकच माणूस उरलंय, आणि तेही असलं हट्टी. मी पाणी ओतत होते, ते पीत होते. त्यांचा नेहमीचा खोकला थांबला होता. हातही थरथरत नव्हता. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

मी किटलीचं झाकण उघडलं. आत हिरवी पानं होती. देठ तुटला तिथे अजून ओल होती.

"पुरे झालं. कप द्या इकडे!"

मी कप ओढला. त्यांनी सोडला नाही. एवढा जोर त्यांच्या हातात मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी कप रिकामा केला, माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने उठून उभे राहिले.

"बसा ना तुम्ही. कुणाला भेटायचंय?"

"काका, चेष्टा नको."

ते ओशाळले. आतल्या कोठाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "दादा, कुणी बाई आल्यात बघ."

काकांचे दादा म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली.

मला रडूच फुटलं. संतापाने की भीतीने, कळेना.

कोठारात एक पेटी सरकली.

"बसायला सांग त्यांना," बाबा म्हणाले. "आलोच."